मदत हवी आहे: काका जबरदस्तीने लग्न लावू शकतात का?

निशिगंध_१: लवकर सांगा कुणीतरी. काकांनी लग्न ठरवलंय, मला करायचं नाही. परवा टेबलावर कॉलेजच्या फीची पावती आणि मुलाचा बायोडेटा शेजारी ठेवून म्हणाले, ‘काय ते ठरव.’ माझे सगळे कागद त्यांच्या कपाटात. पोलिसांत त्यांची उठबस आहे. रविवारी ते लोक येणार. पालक म्हणून ते लग्न लावू शकतात का? हो की नाही, एवढंच.

बापू: बाळ, वय किती?

निशिगंध_१: वयाचा काय संबंध? १९.

कायदेपंडित: सगळा संबंध त्याचाच. १८ पूर्ण झाले की पालकत्व संपलं. उत्तर ‘नाही’. कोर्टाने नेमलेले पालक होते का?

निशिगंध_१: कोर्ट कुठलं? आई-बाबा गेल्यावर आजी म्हणाली, आता काकाच बघतील.

बापू: इतकी वर्षं पोसलं त्यांनी. मुलगा बघून तर घे.

दुर्गा_के: पोसलं म्हणून मालकी येत नाही, बापू. तिला शब्दात पकडू नका.

मोकळा_श्वास: सरळ नोंदणी पद्धतीने लग्न करा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, म्हणून आजच अर्ज करा.

निशिगंध_१: कुणाशी?? माझं कुणाशी काही नाही. मला शिकायचंय.

कायदेपंडित: जबरदस्तीने लग्न झालंच, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली ते रद्द करून घेता येतं. दबाव संपल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करायचा.

दुर्गा_के: झाल्यावरचं कशाला सांगता? आधी थांबवायचंय.

जुनी_पानं: लहानपणीच लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर ६ महिने तुरुंग. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या, पुढे डॉक्टर झाल्या. सावत्र वडील त्यांच्या पाठीशी होते.

दुर्गा_के: हिच्या पाठीशी कोण आहे, ते विचारा. निशिगंध, स्थानिक ठाण्यात जायचं नसेल तर १८१ ला फोन कर, महिलांसाठीच आहे. जिवाची भीती वाटली तर ११२. सखी केंद्रात, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी केंद्रात, तात्पुरती राहायची सोयही होते. फोन मैत्रिणीच्या मोबाइलवरून कर.

कायदेपंडित: वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर विचार. कागदांचं म्हणशील तर आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घे, मग आधार डाउनलोड करता येतं. मार्कशीटची दुसरी प्रत बोर्ड देतं. खर्चाचं काय? स्वतःचं काही आहे का?

निशिगंध_१: बाबांचा फ्लॅट आहे, भाड्याने दिलाय. भाडं काका घेतात.

दुर्गा_के: हे आत्ता सांगतेस! करारावर सही कुणाची?

निशिगंध_१: माहीत नाही. गेल्या महिन्यात कोऱ्या स्टँपपेपरवर माझी सही घेतली, म्हणाले कॉलेजसाठी लागते.

कायदेपंडित: रविवारची वाट बघू नकोस. उद्याच १५१०० ला फोन कर आणि पहिल्यांदा त्या सहीचं सांग. तारीख आठवते का? सही करताना अजून कोण होतं?