टोयोटा २००० जीटी की स्पोर्ट्स ८००?

टोयोटाच्या साठच्या दशकातल्या या दोन स्पोर्ट्स कार. २००० जीटीपुढे स्पोर्ट्स ८०० म्हणजे खेळणं, असं एकाने म्हटलंय, ते मत काही पटलं नाही. आकड्यांत फरक आहेच: तिकडे सहा सिलिंडर, १५० अश्वशक्ती, इकडे दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं ७९० सीसी इंजिन, जेमतेम ४५. पण वजन? अवघं ५८० किलो! म्हणून तर १९६६ च्या जपानमधल्या सुझुका ५०० किलोमीटर शर्यतीत ही बया पेट्रोलला न थांबता पहिली आली. जीटीचा रुबाब मान्यच. डॅशबोर्डचं लाकूडकामसुद्धा यामाहाचं, म्हणजे पियानो बनवणाऱ्यांचं. पण बनल्या साडेतीनशेच्या आसपास, आता लिलावातच दिसायच्या. चालवायला मला विचाराल तर ८००च. छप्पर काढून डिकीत टाकायचं आणि सुटायचं!