प्रभाव खरा, पण कुणावर? ‘इम्पॅक्ट फॅक्टर’साठी मराठी शब्द

तळटीप:
लोकप्रशासनातल्या एका जुन्या शोधपत्रिकेचा अभ्यासकांवर किती प्रभाव पडला, हे मोजू पाहणारा एक लेख मराठीत आणते आहे. शीर्षकातच अडले. ‘स्कॉलरली इन्फ्लुअन्स’ला आधी ‘विद्वत्तापूर्ण प्रभाव’ लिहिलं होतं, पण मोठ्याने वाचलं तेव्हा प्रभावालाच डॉक्टरेट मिळाल्यासारखं वाटलं. दुसरी अडचण जास्त छळणारी, कारण ती पानोपानी येते: ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे पत्रिकेतल्या लेखांची दुसरीकडे किती दखल घेतली गेली त्यावरून काढलेला आकडा. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने ‘पत्रिकेचा प्रभाव घटक वाढला’ ह्या वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘कुठला घटक? बाकीचे घटक कुठे गेले?’ तिचं काही चूक नाही. शिवाय ‘सायटेशन’साठी, म्हणजे एका लेखाने दुसऱ्याचं नाव घेण्यासाठी, मी संदर्भ, उद्धरण, अवतरण असं हाताला लागेल ते वापरलंय, तेही निस्तरायचंय. सुचवा.

सरळरेघ:
इम्पॅक्ट फॅक्टरच ठेवा. ज्यांना त्याच्याशी देणंघेणं आहे ते सगळे तेच म्हणतात.

तळटीप:
पहिल्यांदा येईल तेव्हा ठेवीनच. पण लेखाचा सगळा वादच असा आहे की हा आकडा नावाप्रमाणे वागत नाही. इंग्रजी नाव तसंच ठेवलं तर तो वाद मराठी वाचकापर्यंत पोचणारच नाही.

कपाट क्रमांक सात:
आयुष्य ग्रंथालयात गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी आकडा काय आहे ते बघा, शब्द मागाहून येईल. समजा एका त्रैमासिकाने 2021 आणि 2022 ह्या दोन वर्षांत मिळून 100 लेख छापले. 2023 मध्ये जगभरच्या, म्हणजे हा आकडा काढणाऱ्यांच्या यादीत नोंदलेल्या, पत्रिकांनी ह्या दोन वर्षांतल्या मजकुराचा 250 वेळा उल्लेख केला. 250 भागिले 100, म्हणजे 2.5. झाला 2023 चा इम्पॅक्ट फॅक्टर. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) म्हणजे ही सरासरी आहे. ‘घटक’ तर नाहीच, ‘गुणक’ही नाही, कारण आपण कशाला कशानेही गुणत नाही.

ह्या भागाकारात एक गंमत आहे. खाली, छेदात, फक्त शोधलेख आणि आढावालेख धरतात. वर, अंशात, संपादकीय आणि वाचकांच्या पत्रांना मिळालेले उल्लेखही जमा होतात. संपादकीय चटकदार असेल तर वर भर पडते आणि खाली काहीच वाढत नाही.

कुठल्या लेखाचा उल्लेख कुठे झाला ह्याची सूची काढणारे युजीन गारफिल्ड आणि त्यांचे सहकारी आयर्विंग शेर ह्यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हे माप तयार केलं ते आपल्या सूचीत कुठल्या पत्रिका घ्यायच्या हे ठरवायला. त्याचे वार्षिक अहवाल 1975 पासून निघू लागले. पत्रिका निवडायला आणि वर्गणी कुठे भरायची ते बघायला ठीकच होतं ते. माणसं निवडायला वापरू लागले तिथे गाडी घसरली.

आता तुमचा शब्द. मी ‘उल्लेख-सरासरी’ म्हणेन. दिसायला साधा आहे, पण त्यात खोटं काही नाही.

पाटीपेन्सिल:
‘प्रभावांक’ काय वाईट आहे? निर्देशांक, गुणांक, तसा प्रभावांक. सुटसुटीत.

जुनं पान:
सुटसुटीत आहे, म्हणूनच धोक्याचा. ‘प्रभाव’ ह्या शब्दाला मराठीत दोन शेपट्या लागतात: कुणाचा आणि कुणावर. ‘त्या शिक्षकांचा प्रभाव होता’ एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा विचारतोच, ‘कुणावर?’ इंग्रजीत ‘इम्पॅक्ट फॅक्टर 2.5’ म्हटलं की कुणी असं विचारत नाही. मराठीत ‘प्रभावांक 2.5’ म्हटलं तरी विचारणार नाही, कारण ‘अंक’ जोडला की वाक्य बंद होतं. दुसरी शेपटी कापली गेली ते कळतसुद्धा नाही.

आणि लोकप्रशासनात तर त्या ‘कुणावर’लाच सगळं महत्त्व आहे. हे अर्धं शास्त्र आणि अर्धी कामाची रीत. ‘पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन रिव्ह्यू’ हे ह्या विषयाचं अमेरिकन नियतकालिक 1940 मध्ये निघालं, तेव्हापासून ते प्राध्यापकांसाठीही आहे आणि खुर्चीवर बसून निर्णय घेणाऱ्यांसाठीही. एखाद्या अधिकाऱ्याने त्यातला लेख वाचून आपल्या खात्यातल्या कामाची वाटणी बदलली, तर तो तळटीप देतो का? तो परिपत्रक काढतो. परिपत्रकाला संदर्भसूची नसते.

कपाट क्रमांक सात:
असते की. ‘संदर्भ: आपले पत्र क्रमांक अमुक, दिनांक तमुक.’

जुनं पान:
हरलो. पण त्या संदर्भात हर्बर्ट सायमनसारखे प्रशासनाचे अभ्यासक येत नाहीत!

तळटीप:
बरं, ‘संदर्भ’ निघालाच आहे तर तेही सोडवू. माझ्या मसुद्यात एक वाक्य असं आहे: ‘ह्या लेखाचे 60 संदर्भ आहेत.’ आता परत वाचते तर मलाच कळत नाही की त्या लेखाने 60 जणांचं नाव घेतलं, की 60 जणांनी त्याचं.

कपाट क्रमांक सात:
अगदी इथेच बोट ठेवलंत. इंग्रजीतही ही गल्लत व्हायची. विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस ह्यांनी 1970 मध्ये ती सोडवली ती अशी: क्ष लेखाच्या तळटिपेत य लेख असेल, तर क्ष मध्ये य चा ‘रेफरन्स’ आहे आणि य ला क्ष कडून ‘सायटेशन’ मिळालं आहे. धागा तोच, टोकं दोन. रेफरन्स लेखाच्या शेवटी मोजता येतात, ते लेख छापला त्या दिवशी गोठतात. सायटेशनं दुसऱ्यांच्या लेखांत विखुरलेली असतात आणि वाढत राहतात.

आपल्याकडे दोन्हींना ‘संदर्भ’. मी विद्यार्थ्यांना सांगतो, नाम एकच ठेवायचं असेल तर क्रियापदावर भार टाका: लेखाने संदर्भ ‘दिला’, लेखाला संदर्भ ‘मिळाला’. पण वीस पानं हे सांभाळणं जड जातं. त्यापेक्षा दिलेला तो संदर्भ आणि मिळालेला तो उल्लेख.

‘अवतरण’ मात्र काढाच. अवतरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे, चिन्हांत. सायटेशनमध्ये शब्द उचललेले असतीलच असं नाही. ‘उद्धरण’मध्येही मराठी कानाला तेच ऐकू येतं, आणि पलीकडे पापी जनांचं उद्धरण.

पाटीपेन्सिल:
‘दाखला’? दाखला देणं म्हणजे सायटेशनच की.

जुनं पान:
ह्या शब्दावर माझा जीव आहे. गारफिल्डना कल्पना सुचली ती वकिलांच्या पुस्तकावरून. अमेरिकेत 1873 पासून शेपर्डची सूची निघते. एखाद्या निकालाचा दाखला पुढच्या कुठकुठल्या निकालांत दिला, ते त्यात मिळतं. आणि फक्त ‘दिला’ एवढंच नाही, तर तो मानला, बाजूला ठेवला की फिरवला, हेही खुणेने कळतं. वकिलाला तेच हवं असतं. फिरवलेल्या निकालावर उभं राहून कोण भांडेल? गारफिल्डनी मोजणी उचलली, खुणा मात्र तिथेच राहिल्या. त्यामुळे ‘अमक्याने म्हटलंय ते साफ चुकलंय’ हाही एक उल्लेख, आणि ‘अमक्यामुळेच हे सुचलं’ हाही एकच.

मग जवळून बघा, शोधलेखातलं एक नमुन्याचं वाक्य: ‘राजकारण आणि प्रशासन वेगळं काढता येतं का, हा वाद जुना आहे’, आणि पुढे कंसात आठ नावं. त्या आठांतल्या किती जणांचा लिहिणाऱ्यावर ‘प्रभाव’ असेल? दोघांचा असला तर खूप. बाकीचे पंगतीला बसलेले.

तळटीप:
तर मग ‘दाखला’ घेऊ?

जुनं पान:
घ्यावासा वाटतो, पण विषय नेमका लोकप्रशासन. ‘ह्या पत्रिकेला वर्षभरात 250 दाखले मिळाले’ लिहिलंत तर वाचकाला कचेरीतला शिक्का दिसेल. दुसऱ्या शास्त्रात चाललं असतं.

सरळरेघ:
‘वजन’ का नको? अमक्या पत्रिकेचं वजन आहे, हे सगळ्यांना समजतं.

कपाट क्रमांक सात:
बोलण्यात फर्मास, पण मोजमापाच्या लेखात नको. काही निर्देशांक उल्लेखांना खरोखरच वजन देतात: मोठ्या पत्रिकेतला उल्लेख जड, लहानीतला हलका. पत्रिकांची क्रमवारी लावणाऱ्या सायमॅगोचा निर्देशांक तसा आहे. तिथे ‘भार’, ‘भारित’ हे शब्द लागतील, आणि ‘वजन’ आधीच खर्च झालेलं असेल. शिवाय फाइलवर वजन ठेवणं म्हणजे काय, हे प्रशासनाच्या वाचकाला सांगायला नको!

पाटीपेन्सिल:
मान्य, ‘प्रभावांक’ मागे घेते. पण मग ‘प्रभाव’ हा शब्द लेखातून हद्दपारच करायचा?

जुनं पान:
उलट, तो जपून ठेवायचा. आकड्याला ‘उल्लेख’ दिला की ‘प्रभाव’ मोकळा होतो, आणि जिथे खरंच कुणाचा कुणावर ते सांगता येतं तिथे वापरता येतो.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही ‘पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन रिव्ह्यू’तली. 1946 मध्ये सायमन ह्यांनी लिहिलं की प्रशासनाची तथाकथित तत्त्वं म्हणीसारखी असतात: प्रत्येकीला तितकीच पटणारी उलटी म्हण तयारच असते. मराठी वाचकाला हे समजवावं लागत नाही. ‘अति घाई संकटात नेई’ आणि ‘शुभस्य शीघ्रम्’ आपण एकाच तोंडाने म्हणतो. दुसरं उदाहरण 1959 चं, चार्ल्स लिंडब्लॉम ह्यांचं. धोरण सगळं आधी आखून होत नाही, थोडं पुढे सरकायचं, चाचपायचं, पुन्हा सरकायचं, असं ते म्हणाले. हे दोन लेख काढले तर ह्या विषयाचं शिकवणंच बदलेल. आणि इम्पॅक्ट फॅक्टरच्या दोन वर्षांच्या खिडकीतून? 1959 चा लेख 1961 नंतर दिसतच नाही. अहवाल निघू लागले 1975 ला. म्हणजे ह्या दोन्ही लेखांनी आपल्या पत्रिकेच्या छापील इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये कधीही, एका उल्लेखाचीही, भर घातलेली नाही.

उलट दिशेचंही सांगतो. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सन ह्यांचा प्रशासनावरचा 1887 चा निबंध आज ह्या विषयाचा आरंभ म्हणून पहिल्या धड्यात येतो. पण छापल्यावर कित्येक दशकं त्याचं नाव क्वचितच कुणी घेतलं. आज उल्लेखांचा ढीग आहे. म्हणून 1887 मध्ये ‘प्रभाव पडला’ असं म्हणायचं की कसं? मी ‘मागाहून मान मिळाला’ म्हणेन.

कपाट क्रमांक सात:
ह्यासाठीच अहवालात ‘सायटेड हाफ-लाइफ’ नावाचा रकाना असतो. यंदा ज्या लेखांचे उल्लेख झाले, त्यांतले निम्मे किती वर्षांच्या आतले, ते त्यात कळतं. किरणोत्सर्गाचं ‘अर्धायुष्य’ इथे बिनदिक्कत घ्या, अर्थ थोडा सरकतो पण बसतो. तो आकडा मोठा म्हणजे जुने लेख अजून बोलताहेत.

आणि दशांश! आधी तीन स्थळांपर्यंत छापत. 2023 च्या अहवालापासून एकच. 2.513 वाल्याने 2.509 वाल्याकडे तुच्छतेने बघायची सोय गेली.

तळटीप:
शेवटचं विचारते. लेखाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या 2014 च्या संशोधन मूल्यमापनाचा विषय येतो. तिथेही ‘इम्पॅक्ट’च आहे, पण अर्थ निराळा वाटतो.

जुनं पान:
निराळा काय, उलटाच. तिथे ‘इम्पॅक्ट’ म्हणजे विद्यापीठाबाहेर काय बदललं: धोरण, सेवा, अर्थव्यवस्था. एकूण गुणांत त्याला 20 टक्के होते. इकडे इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे विद्यापीठाच्या आत कुणी नाव घेतलं. इंग्रजीने दोन्हींना एकच टोपी घातली; आपण कशाला घालायची? बाहेरच्याला ‘परिणाम’ म्हणा. परिणाम कशावर तरी होतो आणि चांगला की वाईट ते विचारता येतं.

तळटीप:
मग असं करते. शीर्षक: ‘एका शोधपत्रिकेचा अभ्यासकांवरील प्रभाव कसा मोजावा?’ आत एकदा ‘इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे दोन वर्षांची उल्लेख-सरासरी’, नंतर सगळीकडे ‘उल्लेख-सरासरी’. सायटेशन म्हणजे उल्लेख, रेफरन्स म्हणजे संदर्भ, ब्रिटनमधला तो परिणाम. आणि मैत्रिणीने खूण केलेलं वाक्य आता असं: ‘पत्रिकेची उल्लेख-सरासरी वाढली, प्रभाव वाढला का, हे त्यावरून ठरत नाही.’

कपाट क्रमांक सात:
‘त्यावरून’ नको, ‘तेवढ्यावरून’ करा. थोडंफार ठरतंच.

तळटीप:
केलं.