पार्किंग क्रमांक ३७ परत करते आहे

सी-५०२ : सगळ्यांना नमस्कार. आमची गाडी विकली. नोंदणीवरचं नाव बदलल्याचा कागद काल हातात आला, तोवर थांबले होते म्हणून आज कळवते. पार्किंग क्रमांक ३७ महिनाअखेरीस मोकळा होईल. सचिवसाहेब, प्रतीक्षा यादीत ज्यांचा नंबर असेल त्यांना द्यावा. आम्ही दुसरी गाडी घेणार नाही. ऑफिसला मी बसने जाते, त्याला आता ८ महिने होतील.

बी-३०४ : ताई, काही अडचण आली का? गाडी तर उत्तम होती.

सी-५०२ : अडचण काही नाही दादा. चांगली होती म्हणून दोन दिवसांत गेली.

डी-२०३ : मग राहू द्यायची की! रोज बसने जायचं आणि सुट्टीच्या दिवशी गाडी. आम्ही तेच करायचं म्हणतोय कधीपासून.

सी-५०२ : आमच्याही घरात हाच वाद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिले ३ महिने मी गाडी ठेवूनच बस सुरू केली होती. जमलं नाही. सकाळी दाराशी अडकवलेली किल्ली दिसायची. विमा भरलेला, सर्व्हिसिंग झालेलं, हप्ते संपलेले. मग मनात हिशेब व्हायचा तो एवढाच, की आजचं पेट्रोल किती आणि आजचं तिकीट किती. त्यात बसला लागणारा जास्तीचा वेळ धरला की बस हरली. आठवड्यातून ३ दिवस तरी मी गाडीच काढायची.

गाडीवरचा मोठा खर्च बहुतेकदा पेट्रोलचा नसतो. तिची किंमत दर वर्षी उतरते, विमा असतो, टायर जुने होतात, उभी ठेवली तर बॅटरी बसते. चालवा नाहीतर झाकून ठेवा, हे पैसे जातातच. आणि ते आधीच गेलेले असल्यामुळे रोजची फेरी जवळजवळ फुकट वाटते. गाडी दारात असेपर्यंत बसची तुलना गाडीच्या पूर्ण खर्चाशी कधी होतच नाही. हे मला कागदावर मांडल्यावर कळलं, आणि कळल्यावर थोडा रागही आला, कारण इतकी वर्षं मी स्वतःला हिशेबी समजत होते.

ए-१०१ : डोनाल्ड शूप नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक होते, त्यांनी आयुष्यभर पार्किंग या एकाच विषयाचा अभ्यास केला. ते म्हणायचे की सरासरी गाडी ९५ टक्के वेळ नुसती उभी असते. आपल्या आवारात दुपारी खिडकीतून पाहिलं की पटतं.

बी-३०४ : काका, माझी नाही उभी राहत. दिवसाला ५-६ ठिकाणी जावं लागतं, सोबत नमुन्यांच्या दोन बॅगा. बसने गेलो तर निम्मी गिऱ्हाइकं सुटतील.

सी-५०२ : दादा, तुमचं अगदी बरोबर आहे. तुमच्यासाठी गाडी हे कामाचं साधन आहे. ज्यांची गाडी सकाळी एकाच ठिकाणी जाते, दिवसभर उन्हात तापते आणि संध्याकाळी परत येते, त्यांच्याबद्दल मी बोलते आहे. माझी तशी होती.

डी-२०३ : पण रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर? मला हीच धास्ती वाटते.

सी-५०२ : मलाही वाटायची. म्हणून चौथ्या महिन्यात किल्ली आईकडे ठेवायला दिली आणि एक वही केली. गाडी नसल्यामुळे खरोखर अडलं, तेवढेच दिवस लिहायचे. ५ महिन्यांत ७ नोंदी झाल्या. दोनदा रात्री आईला दवाखान्यात नेलं, एकदा पहाटे स्टेशन गाठायचं होतं, तीनदा जड सामान होतं, एकदा धो धो पावसात बस आलीच नाही. प्रत्येक वेळी टॅक्सी मिळाली. एकदा मात्र २५ मिनिटं वाट पाहावी लागली आणि ती २५ मिनिटं आई कण्हत होती, हे लपवत नाही. तेव्हापासून दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर फ्रिजवर चिकटवलेत, आणि शेजारच्या सी-५०१ ने आपणहून सांगितलंय की रात्री कधीही बेल वाजवा.

५ महिन्यांतल्या त्या ७ दिवसांसाठी गाडी पोसायची का, एवढाच प्रश्न उरला होता.

सी-५०१ : अहो कधीही वाजवा, त्यात सांगायचं काय.

ए-४०४ : वेळेचं बोला ताई. खरा अडसर तोच आहे.

सी-५०२ : गाडीने ३५ मिनिटं आणि तिकडे जागा शोधायला १०. बसने घरापासून टेबलापर्यंत ६५. म्हणजे जाऊन-येऊन रोज ४० मिनिटं जास्त जातात, आणि ती जातात हे मान्यच करायला हवं. पण गाडीतली ४५ मिनिटं पुढच्याच्या मागच्या दिव्यांकडे बघण्यात जायची. बसमध्ये त्यातली निम्मीअधिक मी वाचते. शिवाय थांब्यापर्यंतचं आणि थांब्यापासूनचं चालणं मिळून दिवसाला ३० मिनिटं होतं. ५ दिवसांचे १५० झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, तेवढा तर ऑफिसला जाण्यातच होतो. पूर्वी याच व्यायामासाठी मी गाडी काढून जिममध्ये जायची.

एफ-१०२ : बसमध्ये वाचलं की मला मळमळतं.

सी-५०२ : मलाही व्हायचं. मागच्या चाकावरची आणि त्यामागची सीट टाळा. दोन चाकांच्या मधल्या भागात हेलकावे कमी बसतात. वळणं आली की पुस्तक मिटून समोर दूर बघायचं. तरीही होत असेल तर कानात काहीतरी ऐकायचं.

बी-३०४ : माझं एक मत. सरकारने बसचं तिकीट माफ करावं, लोक आपोआप गाड्या सोडतील.

ए-१०३ : या विषयात मला बोललंच पाहिजे. माझी ३१ वर्षं आगारात गेली, त्यातली बरीच वेळापत्रकं बसवण्यात.

तिकीट माफ केल्याने गरिबाला दिलासा मिळतो, आणि तो मिळावा. पण गाडीवाला त्यामुळे उतरत नाही. लक्झेंबर्ग देशाने २०२० पासून देशभर बस, ट्राम, रेल्वेचा साधा वर्ग सगळ्यांना मोफत केला. तरी युरोपात माणशी सर्वाधिक मोटारी असलेल्या देशांत तो आजही आहे. गाडीवाल्याला पैशापेक्षा वाट पाहणं टोचतं.

आता वाट पाहण्याचं गणित सांगतो, ते प्रवाशांना कुणी समजावून सांगत नाही. समजा दर १० मिनिटांनी बस आहे. तुम्ही वेळ न बघता थांब्यावर गेलात तर सरासरी ५ मिनिटं थांबाल. आता त्याच बसेस जोडीने येऊ लागल्या, एक १८ मिनिटांनी आणि तिच्या मागे २ मिनिटांनी दुसरी. तासाला फेऱ्या तेवढ्याच, कागदावर काही बदललेलं नाही. पण बहुतेक माणसं थांब्यावर येतात ती त्या १८ मिनिटांच्या फटीत. त्यामुळे सरासरी थांबणं ८ मिनिटांवर जातं, आणि वर पहिली बस खच्चून भरलेली असते. प्रवासी म्हणतो बसेस कमी आहेत, कार्यालय म्हणतं फेऱ्या पूर्ण झाल्या, आणि दोघंही खरं बोलत असतात.

डी-२०३ : पण दोन-दोन एकदम का येतात काका? मला वाटायचं चालक मुद्दाम सोबत निघतात गप्पा मारायला.

ए-१०३ : नाही हो. फार जुना गैरसमज आहे हा, आणि चालकांना त्यापायी बोलणी खावी लागतात. पहिली बस सिग्नलला २ मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर गर्दी साठते. चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, ती पुढे सरकते. शेवटी पाठीला पाठ लागते. एकदा जोडी जमली की आपोआप सुटत नाही. मधल्या थांब्यावर मागचीला जरा रोखून धरणं हा उपाय, पण आतले प्रवासी ओरडतात.

दुसरा उपाय चढण्याचा वेळ कमी करणं. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बसला वेगळी मार्गिका दिली आणि १९९१ पासून नळीसारखे थांबे बांधले. तिकीट थांब्यात शिरतानाच घ्यायचं, थांब्याची उंची बसच्या जमिनीएवढी. पायऱ्या चढायला नकोत, दारात सुट्ट्या पैशांची घासाघीस नको. जयमे लर्नर हे तिथले तेव्हाचे महापौर, मूळचे वास्तुविशारद. आम्ही त्या थांब्यांचे फोटो भिंतीवर लावले होते.

ए-१०१ : वा! मग मूळ कल्पनाही ऐका. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, माणशी ठरावीक भाड्यात चालणारी गाडी पॅरिसमध्ये १६६२ साली सुरू झाली, आणि ती योजना होती गणितज्ञ ब्लेझ पास्कालची. घोडागाड्या होत्या त्या. नियमच होता की गाडी रिकामी असली तरी वेळ झाली की निघायची. मला या नियमात सगळं सार दिसतं. कुणी आलं नाही तरी मी निघणार, असा भरवसा दिला की मग लोक येतात.

एक दुःखाची गोष्टही आहे. सैनिक, नोकरचाकर आणि मजूर यांना त्या गाड्यांत बसायला बंदी होती. १५ वर्षांच्या आसपास ती सेवा बंद पडली.

ए-१०३ : काका, हे मला ३१ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "रिकामी असली तरी निघायची" हे आम्ही नव्या चालकांना रोज सांगायचो.

ए-४०४ : सी-५०२ ताई, सुरुवात करायची तर एकदम विकूनच टाकायची का?

सी-५०२ : नको. किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि ३ महिने वही ठेवा. वहीत आठवड्याला दोन-तीन नोंदी होत असतील तर विकू नका. ऑफिसचा प्रवास दोन बस बदलून असेल तरी नीट विचार करा. एक बस चुकली तर दुसरीही जाते आणि त्या दिवसाचा विचका होतो. माझी एकच बस आहे, हे माझं नशीब.

आणखी एक. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ मध्ये लोकांनी सहकारी संस्था काढून सामायिक मोटारी ठेवायला सुरुवात केली. १९९७ मध्ये अशा दोन संस्था एकत्र येऊन मोबिलिटी नावाची संस्था झाली, ती आजही चालू आहे. आपल्यातल्या ४-५ घरांना गाडी अधूनमधूनच लागत असेल तर विचार करता येईल. विमा, अपघाताची जबाबदारी हे सगळं आधी जाणकाराकडून समजून घ्यावं लागेल. तोंडी व्यवहारात मात्र पडू नये.

डी-२०३ : मी मनापासून सांगू? मला बस चालेल, गर्दीही चालेल. मला थांब्यापर्यंतचा रस्ता नको वाटतो. मुख्य गेटमधून वळसा घालून ११ मिनिटं लागतात, लेकरू कडेवर, फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, आणि संध्याकाळी त्या भिंतीपाशी एक दिवा नाही. मागचं गेट उघडं असतं तर ४ मिनिटं.

एफ-१०२ : अगदी. मी याच कारणासाठी पास काढला नाही.

ई-३०१ : माझे गुडघे ११ मिनिटं चालत नाहीत. ४ चालतील.

सी-५०२ : हे मी आधीच लिहायला हवं होतं. मी रोज ती ११ मिनिटं चालते आणि माझ्या ६५ मिनिटांत ती धरलेली आहेत. जाता-येता १४ मिनिटं वाचली तर माझा ४० मिनिटांचा तोटा एकदम २६ वर येतो.

ए-१०३ : बस वेगाने पळवून १४ मिनिटं वाचवायला आम्हाला कितीतरी वर्षं लागली असती. इथे एका कुलपाचा प्रश्न आहे.

सचिव : मागचं गेट बंद का केलं ते सगळ्यांना माहीत असावं. बाहेरच्या दुचाक्या आवारातून आडवाटेने जात होत्या, दोनदा मुलांना धडक बसता बसता राहिली. तो ठराव सर्वांच्या सहीने झाला होता. पूर्ण गेट उघडायला माझा विरोध आहे.

सी-५०२ : साहेब, मोठं गेट उघडायला नकोच. त्यात माणूस जाईल एवढं छोटं दार आहे, त्याला वेगळी कडी आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट रोवले तर दुचाकी सहज शिरणार नाही.

ई-३०१ : खुंट चाकाची खुर्ची जाईल एवढ्या अंतरावर रोवा, विनंती आहे.

बी-३०४ : मी गाडी सोडणार नाही, पण खुंटांचं काम माझ्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून देतो. रस्त्यावर जितक्या गाड्या कमी तितका माझाच फायदा. जर्मनीतल्या मुन्स्टर शहराचा १९९१ चा तो फोटो पाहिलाय ना सगळ्यांनी? ७२ माणसं, एकदा ६० गाड्यांत आणि एकदा एका बसमध्ये. गाड्यांनी अख्खा रस्ता भरलाय.

ए-१०१ : त्यातच तिसरा फोटो ७२ सायकलींचा आहे. त्यावरून सुचवतो, ३७ नंबरच्या जागेत ८-१० सायकली सहज उभ्या राहतील. मुलांच्या सायकली जिन्याखाली गंजतायत.

सचिव : काका, ३७ साठी यादीत ६ जण आहेत. नियमाप्रमाणे पहिला हक्क त्यांचा. सायकलींचा विषय सर्वसाधारण सभेत घेऊ, मी विषयपत्रिकेत टाकतो. छोट्या दाराचं मात्र समितीच्या अधिकारात बसतं. आज संध्याकाळी ६ ला मागच्या गेटपाशी या, जागा बघून ठरवू.

*(रविवार, रात्री)*

सचिव : समितीच्या ७ पैकी ५ सदस्यांची संमती आली. छोटं दार उद्यापासून सकाळी ६.३० ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९ उघडं राहील. त्या वेळात एक रखवालदार तिथे बसेल. खुंट बुधवारपर्यंत, मधलं अंतर ई-३०१ ने सांगितल्याप्रमाणे चाकाच्या खुर्चीचं माप घेऊन. भिंतीवर दिवा आज लावला. महिनाभर बघू, दुचाक्या शिरल्या तर दार पुन्हा बंद.

डी-२०३ : दिवा लागलेला गॅलरीतून दिसतोय.

सी-५०२ : डी-२०३ ताई, माझी बस ७.५२ ची आहे. मी ७.४५ ला छोट्या दारापाशी थांबते. बाळाची पिशवी माझ्याकडे द्या.