‘वाचली’ म्हणजे नेमकं काय? सर्व्हायव्हरला मराठीत काय म्हणावं?

जालनेकर
आमच्या चर्चच्या मंडळीच्या महिला संघात दर महिन्याला कुणीतरी एका पुस्तकावर बोलतं. या वेळी माझी पाळी होती. मी एका बाईंचं इंग्रजी आत्मकथन घेतलं. लहानपणी नात्यातल्याच माणसाने, तोही घरात रोज संध्याकाळी प्रार्थना चालवणारा, वर्षानुवर्षं केलेला लैंगिक अत्याचार आणि त्यानंतरचं तिचं आयुष्य. ती स्वतःला सर्व्हायव्हर म्हणते. मी टिपणात सगळीकडे ‘वाचलेली’ असं केलं होतं. पहिलं वाक्य वाचलं, “ही त्यातून वाचलेल्या एका बाईची गोष्ट आहे”, तर पुढच्या बाकावरच्या आजींनी सुस्कारा सोडला. “वाचली ना माय. देवानं राखलं. म्हंजे झालं नव्हतं काही.”

माझी जीभच अडली. झालं होतं. सगळं झालं होतं. पण मराठीत ‘थोडक्यात वाचली’ म्हणजे गाडी अंगावर आलीच नाही. पुढची दहा मिनिटं प्रत्येक ‘वाचलेली’पाशी मी ठेचकाळत होते, आणि आजी शांत चेहऱ्याने ऐकत होत्या, कारण त्यांच्या मते पोर सुटली होती. अर्धं पुस्तक पुढच्या रविवारी आहे. कोणता शब्द घेऊ? ‘पीडिता’ नको. त्या नावाने हाक मारली जाण्याचाच तिला त्रास होतो.

औसेकर
आजींचा अर्थ सगळीकडे चालत नाही. आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर ‘वाचला’ म्हणजे ढिगाऱ्यातून निघाला. पाय गेला, घरातली चार माणसं गेली, तरी ‘वाचला’च म्हणतात. काही झालं नाही असं किल्लारीत कुणी समजत नाही. त्रास वेगळ्या शब्दाचा झाला, भूकंपग्रस्त. त्याचा दाखला मिळाला, नोकरीत २ टक्के समांतर आरक्षण मिळालं, ते गरजेचंच होतं. पण माझा चुलतभाऊ तेव्हा पाळण्यात होता. त्याला त्या रात्रीचं काही आठवत नाही, तरी अजून तो भूकंपग्रस्त. एकदा ‘ग्रस्त’ चिकटलं की निघत नाही.

शब्दनिष्ठ
‘ग्रस्त’वर अन्याय होतोय. ग्रस् म्हणजे गिळणे. पंचांगात ग्रस्तोदित चंद्र असतो, म्हणजे ग्रहण लागलेलाच उगवलेला. आणि ग्रहणाला जसा स्पर्श असतो तसा मोक्षही असतो. शब्द कायमचा नाही, आपण तो कायमचा केला.
‘वाचणे’बद्दल: पूर्वी हा शब्द वांचणे असा लिहीत. पुस्तक वाचायचं, जीव वांचायचा. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही एक झाले. मूळ वञ्च्, म्हणजे हुलकावणी देऊन निसटणे. ‘वंचना’ त्याच घरची. तेव्हा आजींना जे ऐकू आलं ते धातूला धरूनच होतं. मी ‘उत्तरजीवी’ सुचवतो. नेमका आहे, आणि त्याला कसलाच डाग नाही.

गोदाकाठ
उत्तरजीवी हिंदीतून आलेला शब्द आहे, आणि परिपत्रकात शोभतो. त्या बाकावरच्या आजींना तो म्हणून दाखवा बरं. पंडिता रमाबाई एवढ्या मोठ्या संस्कृत पंडिता, पण केडगावला बसून बायबलचं भाषांतर केलं ते मुद्दाम साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये देह ठेवेपर्यंत तेच काम चाललं होतं. शुद्धतेपेक्षा ऐकणारी बाई मोठी.
माझा शब्द ‘तगली’. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. आमच्या मामांच्या बागेत कडेची अकरा झाडं राहिली. टँकरच्या पाण्याचा हंडा-हंडा बुंध्याशी ओतायचो. मामा म्हणायचे, “ही तगली.” हिरवीगार नव्हती. शेंडे वाळलेले, साल तडकलेली, पुढचे दोन बहर आलेच नाहीत. पण मूळ धरून होती. तगली म्हटल्यावर काही झालंच नाही असं कुणाला वाटेल?

औसेकर
तगणे आणि तगादा एकच का? तगादा सोसून उभा राहतो तो तगतो, असं आमचे गुरुजी सांगायचे.

शब्दनिष्ठ
नाही. तगादा अरबी तकाझावरून आला. नुसता आवाज जुळतो.

परभणीची वकील
‘पीडिता’ एकदम टाकून देऊ नका. अशा प्रकरणात ओळख उघड करणं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ७२. नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर कागदावर काहीतरी लागतं. पीडिता हा पडदा आहे. तिच्या स्वभावाचं ते वर्णन नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभावाच्या साचेबंद शब्दांवर पुस्तिका काढली. तिच्यात व्हिक्टिम आणि सर्व्हायव्हर दोन्ही चालतात, पण त्या व्यक्तीने स्वतः एक निवडला असेल तर तोच पाळावा, असं आहे. जालनेकर ताई, तुमच्या लेखिकेने निवडलाय. मग सर्व्हायव्हरच म्हणा आणि आजींना दोन वाक्यांत समजावून सांगा.

मोंढा
‘बळी’ कुणीच म्हटलं नाही. दिवाळीत आया ओवाळतात, ‘इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो’. एकाच ओळीत पीडा टळावी आणि बळी यावा! आपला बळी राजा आहे, आणि बातमीत ‘वासनेची बळी’ म्हणजे संपलेली पोर.

जालनेकर
सगळ्यांचे आभार. ‘तगली’ मनात बसतोय. पण माझी खरी अडचण पुढच्या रविवारची आहे आणि तीही एका शब्दाचीच. सभा संपताना एकीने विचारलं, “शेवटी तिनं त्याला क्षमा केली का?” पुस्तकात त्याचं सरळ उत्तर नाही. आमच्याकडे साक्ष द्यायला उभं राहिलं की साक्षीचा शेवट ठरलेला असतो: अंधारात होते, प्रभूने काढलं, आता आनंद आहे. ही बाई साक्ष देते आणि तो शेवट देत नाही. कोर्टातल्या साक्षीसारखं, घडलं तेवढं सांगते.
मी परत बायबलमधला २ शमुवेल, अध्याय १३ काढला. तामारेवर तिच्या सावत्र भावाने, अम्नोनाने, जबरदस्ती केली. ती डोक्यात राख घालून, झगा फाडून, मोठ्याने रडत निघाली. लपली नाही. आणि सख्खा भाऊ अबशालोम तिला सांगतो की गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. दावीद राजा रागावतो, करत काहीच नाही. हा अध्याय मी कधी उपदेशात ऐकलेला नाही. आपण ‘क्षमा कर’ म्हणतो ते कित्येकदा अबशालोमाचं बोलणं असतं, प्रभूचं नसतं. प्रभूच्या प्रार्थनेत तर शब्द ‘ऋण’ आहे आणि क्रियापद ‘सोड’. क्षमा आणि ऋण सोडणं एकच का?

शब्दनिष्ठ
क्षम् म्हणजे सहन करणे. सक्षम तिथलाच. क्षमेत सोसणं आहे, सोडणं नाही.

जुना तलाठी
मी ख्रिस्ती नाही, पण ऋणाचं सांगू शकतो. बत्तीस वर्षं तेच लिहिलं. कर्ज माफ व्हायचं तर आधी फेरफार होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढलेला लागतो. किती, कुणाचा, कोणत्या तारखेपासून. बोजाच नसेल तर कमी काय करणार? कोरा सातबारा घेऊन ‘माफ केलं’ म्हणता येत नाही. आणि शेतकरी ‘माफी’ शब्दावर चिडायचे, माफी गुन्ह्याला असते, आम्ही काय गुन्हा केला? २०१९ च्या योजनेच्या नावात म्हणूनच कर्जमुक्ती आलं, असं मी समजतो.

जालनेकर
तलाठीकाका, हे मी रविवारी सांगणार. त्या बाईचं अख्खं पुस्तक म्हणजे बोजा चढवणं आहे. तारखा, खोली, दाराची कडी कशी वाजायची ते. आधी लिहू तर द्या तिला.

मोंढा
पण बोजा सोडणार कोण? सावकार तीच आहे ना. तिच्यावर पुन्हा सोडण्याचं ओझं का?

बिननावाचा
मी इथे पहिल्यांदा लिहितोय. पीडिता, तगली, वाचली, सगळे शब्द बाईचे. मी एका वसतिगृहात सातवीत होतो. माझ्यासाठी कुठला शब्द आहे ते बरीच वर्षं शोधतोय. ‘पीडित’ म्हटलं की लोकांना पूर आठवतो.

परभणीची वकील
दादा, लिहिलंत ते बरं केलंत. २०१२ चा पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलगा-मुलगी भेद करत नाही, अठराच्या आतलं प्रत्येक लेकरू त्यात ‘बालक’ आहे. कायद्यापाशी शब्द आहे. बोलण्यात नाही, हे खरं.

जालनेकर
काल आजींच्या घरी गेले. सगळं सरळ सांगितलं, की वाचली नव्हती. त्या कितीतरी वेळ हातातली मेथी निवडत राहिल्या, देठ एकीकडे, पानं एकीकडे. मग म्हणाल्या, “मग भोगून उरली म्हण.” आणि आणखी थोड्या वेळाने, “तशा लई असतात.” मी पुढे काही विचारलं नाही.

गोदाकाठ
‘उरली’ सुंदर आहे. पण ‘भोगून’ काढा. भोगणं तिचं आणि उपभोग त्याचा, धातू एकच. ऐकणाऱ्याच्या मनात भलतं येईल.

शब्दनिष्ठ
भोग म्हणजे प्रारब्धही. ते तर आणखी वाईट. तिच्या नशिबातच होतं, असा अर्थ निघेल. ताई, तुमच्या धर्मात ते बसतं का?

जालनेकर
बसत नाही. पण शब्द आजींचा आहे.

बिननावाचा
‘भोगून’ काढू नका. मी मोठ्याने म्हणून पाहिलं. नुसतं ‘उरला’ म्हटलं तर कशातून, हे कुणी विचारणारच नाही.