तज्ज्ञ पडद्यावर, पेशंट गावात: पुरतं का एवढं?

रानवाटा
अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य विरळ वस्तीचं. हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराचे तज्ज्ञ आल्बुकर्की शहरातल्या विद्यापीठात, आणि तिथे नंबर लागायला तेव्हा आठ-आठ महिने जायचे. २००३ मध्ये डॉ. संजीव अरोरांनी 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. गावाकडचे डॉक्टर-नर्स दर आठवड्याला व्हिडिओवर जमणार, पेशंटचं नाव न सांगता आपली केस मांडणार, तज्ज्ञ सल्ला देणार. पेशंट मात्र गावच्याच डॉक्टरच्या हातात. २०११ ला ४०७ रुग्णांचा अभ्यास आला: विद्यापीठात ५७.५ टक्के बरे झाले, 'इको'ला जोडलेल्या गावांत आणि तुरुंगांत ५८.२. आता टीबी-एचआयव्हीसाठीही हीच पद्धत वापरतात. मला तर हाच मार्ग दिसतो. तज्ज्ञ गावोगाव कुठून आणणार?

कडूकारले
सहमत नाही. कुणी कुठे उपचार घ्यायचे हे त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. जास्त आजारी लोक विद्यापीठात गेले असतील तर तुलना लंगडी पडते. शिवाय सल्ला मिळाला, औषधाचं काय? टीबीचं औषध बेडाक्विलिन २०१६ मध्ये भारतात आलं ते मोजक्या शहरांतल्या सहा रुग्णालयांत. तेव्हा तालुक्याचा डॉक्टर कितीही शिकला असता तरी पेशंटला मुंबईलाच पाठवावं लागलं असतं ना?

रानवाटा
औषध अडलं हा धोरणाचा दोष, शिकवण्याचा नाही. आणि त्याच अभ्यासात गंभीर दुष्परिणाम विद्यापीठात १३.७ टक्के, गावांत ६.९.

कडूकारले
म्हणजे माझंच म्हणणं झालं! विद्यापीठातले पेशंट मुळात जास्त आजारी असतील.

माळरान
अमेरिकेत कशाला, गडचिरोलीत बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. व्हिडिओ नव्हता, पण शिकवणारे डॉक्टर पंधरवड्याला गावात येऊन तपासून जायचे. माझ्या मते खरं काम त्या तपासणीनं केलं.

स्टेथो
एमबीबीएस आहे म्हणून बोलतो. जेमतेम शिकलेल्या बाईच्या हातात अँटिबायोटिक? उद्या कुठलंच औषध लागू पडणार नाही.

माळरान
डॉक्टरसाहेब, लक्षणं ठरवून दिलेली होती, ती जुळली तरच सुई. आपल्याकडे सर्दीला अँटिबायोटिक लिहून देणारे काय कमी शिकलेले असतात?

कडूकारले
:) हा टोला मान्य. पण तो अभ्यासही चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता. आणि पुढे हे काम देशभर आशांकडे गेलं तेव्हा इंजेक्शन वगळलं गेलं. धोका सरकारलाही दिसला असणारच.

पाणंद
आई आशा आहे. प्रशिक्षण तिला आवडतं, प्रश्न विचारायला कचरत नाही. पण आशांना पगार नाही, मोबदला मिळतो तो बराचसा कामागणिक. दर आठवड्याला व्हिडिओ ठेवणार असाल तर त्या दोन तासांचा दर कोण ठरवणार, ते आधी सांगा.