जहाज धक्क्याला लागलं, माणसं मात्र वरच : खलाशांच्या व्हिसाबद्दल मतं हवीत

पाण्याकाठची

गेली सहा वर्षं मी बाल्टिमोरजवळ राहते. इथे खलाशांसाठी एक केंद्र आहे, त्यांची व्हॅन मी शनिवारी चालवते. काम साधं आहे. धक्क्यावर जायचं, जहाजावरून उतरलेल्यांना दुकानात न्यायचं, सिमकार्ड घ्यायला मदत करायची आणि वेळेत परत सोडायचं. सख्खा भाऊ दापोलीहून जहाजावर गेला, तेव्हापासून या कामात ओढली गेले.

मागच्या महिन्यात गाड्या वाहून नेणाऱ्या एका जहाजावर गेले होते. नऊ जण उतरणार होते, उतरले पाच. उरलेल्या चौघांकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता. त्यातला एक मेसमन (जहाजाच्या जेवणघरातला मदतनीस), बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, गँगवेच्या म्हणजे जहाजावरून उतरायच्या शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत आला. पायरी आणि काँक्रीट यांच्यात वीतभर अंतर. तिथे उभं राहून त्याने चिठ्ठी दिली: शाम्पू, खोबरेल तेल, आईसाठी क्रीम. सोबत वीस-वीस डॉलरच्या तीन नोटा. गँगवेवर पहाऱ्याचा माणूस होता, त्यामुळे पोराने पाय काही खाली टेकवला नाही. सामान आणून दिलं आणि उरलेले पैसे परत देऊ लागले तर घेईना. म्हणाला, "ताई, ठेवा तुम्हीच. मी कुठे खर्च करणार?"

नियम असा आहे. अमेरिकेत २००४ पर्यंत अख्ख्या जहाजाच्या क्रू-लिस्टवर मिळून एक व्हिसा मिळायचा. तो बंद झाला. आता प्रत्येक खलाशाचा स्वतःचा व्हिसा लागतो, त्यासाठी मुलाखत लागते आणि १८५ डॉलर फी लागते. एवढं करूनही बंदरातला अधिकारी जहाजावर येऊन ठरवणार की उतरू द्यायचं की नाही. उतरू दिलं तर जास्तीत जास्त २९ दिवस. व्हिसा नसेल तर 'जहाजावरच ठेवा' असा लेखी हुकूम निघतो. खरं तर १९६५ च्या आंतरराष्ट्रीय सागरी सुलभीकरण करारात लिहिलेलं आहे की नुसतं पाय मोकळे करायला उतरणाऱ्या खलाशाकडे व्हिसा मागू नये. अमेरिका मागते.

'डाली' जहाज तुम्हाला आठवत असेल. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ते आमच्या पुलाला धडकलं, पूल कोसळला, त्यावर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावर २१ जण, त्यातले २० भारतीय. जून उजाडला तरी त्यातलं कुणी घरी गेलं नव्हतं. कोसळलेला सांगाडा १३ मे रोजी सुरुंगाने उडवला तेव्हाही ती माणसं जहाजावरच होती. गावातली माणसं खाऊच्या पिशव्या पाठवत होती, चर्चमध्ये त्या सहा जणांसाठी आणि या २१ जणांसाठी एकाच वेळी प्रार्थना होत होती. पण ज्यांच्यासाठी पिशव्या भरल्या ती माणसं आम्हाला प्रत्यक्ष भेटू शकली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. या नियमाने नुकसान खलाशाचं तर होतंच, पण गावाचंही होतं. बंदराच्या गावाला परक्या माणसाची सवय असते. ती मोडली की धक्का म्हणजे कुंपणापलीकडचा कारखाना होतो. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_चीफ

ताई, तुमच्या कामाला नमस्कार. पण रोगाचं निदान चुकतंय असं मला वाटतं.

मी १९७८ साली जहाजावर चढलो आणि २०१४ साली उतरलो. सुरुवातीला जनरल कार्गोची जहाजं होती. गोणी, पेट्या, लाकूड, सगळं दोरखंडाच्या जाळीतून उतरायचं. एका बंदरात आठवडा, कधी दोन आठवडे मुक्काम. गावातला न्हावी नावाने ओळखायचा. शेवटची दहा वर्षं कंटेनर जहाजांवर काढली. सकाळी लागलो, रात्री सुटलो. त्या अठरा-वीस तासांत बंकर म्हणजे इंधन घ्यायचं, स्टोअर चढवायचं, बंदराच्या देशाची तपासणी, जहाजाचा दर्जा तपासणारा सर्व्हेअर, जनरेटरची दुरुस्ती. वर २४ तासांत दहा तास विश्रांती झाली पाहिजे हा नियम. व्हिसा खिशात असून मी ह्यूस्टनला पाच वेळा खाली उतरलो नाही. झोपलो.

२६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, त्या दिवशीच बंदराचं गाव मरायला लागलं. व्हिसाचा त्यात काय दोष? टर्मिनल शहरापासून लांब गेली, माणसं कमी झाली. आपल्याकडेच पाहा. मुंबईच्या गोद्यांतलं काम १९८९ नंतर न्हावा शेवाला सरकलं. बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवर जहाजाचा माणूस ओळखू यायचा, आता तिथे नुसती ऑफिसं आहेत. आपल्या सरकारने कुठला व्हिसा कडक केला होता?

आणि 'डाली'चं उदाहरण इथे बसत नाही. सहा माणसं मेली होती. तपास चालू होता, एफबीआयने फोनसुद्धा ताब्यात घेतले होते. व्हिसा असता तरी ती पोरं घरी गेली नसती.

उरणकर

चीफसाहेबांशी सहमत, आणि एक भर. बंदरासाठी जमिनी आमच्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात आमची पाच माणसं गोळीबारात गेली. बंदर आलं, ट्रेलर आले, गोदामं आली, धूळ आली. परदेशी खलाशी उरणच्या बाजारात मी चाळीस वर्षांत बोटावर मोजण्याइतके पाहिले. त्यांना उतरायचा पास आपल्या इमिग्रेशनकडून मिळतो, व्हिसा लागत नाही. पण गेटपासून बाजारापर्यंत ट्रेलरच्या रांगेतून यायचं कसं आणि येऊन बघायचं काय? त्यामुळे व्हिसा काढून टाकला तर बाल्टिमोरच्या बाजारात गर्दी होईल, हे मला पटत नाही.

सह्याद्री_८२

मला दुसरीच बाजू मांडायची आहे. कुठल्याही देशाला आपल्या दारातून कोण आत येतं हे बघायचा हक्क आहे. आपण मुंबईकरांनी तरी समुद्राकडून येणाऱ्या माणसाबद्दल इतकं भाबडं असू नये. २६/११ चे दहा जण समुद्रातूनच आले. शिवाय जहाज सोडून पळून जाणारे खलाशी असतातच. तो गेला की दंड कंपनीला आणि त्रास पुढच्या प्रामाणिक पोरांना. मुलाखत घेतली, बोटांचे ठसे घेतले, यात अपमान कसला?

पाण्याकाठची

@सह्याद्री_८२, २६/११ चे लोक 'कुबेर' नावाची मासेमारीची बोट बळकावून आले. ते कुठल्या क्रू-लिस्टवर नव्हते, आणि कुठल्याही व्हिसाच्या नियमाने थांबले नसते. मालवाहू जहाजाचं तसं नाही. अमेरिकेच्या बंदरात शिरण्याआधी ९६ तास प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर कळवावाच लागतो. चार दिवस नाव तपासायला मिळतात. त्या मेसमनचं नावही तपासलेलं होतं. त्याच्यावर संशय नव्हता, फक्त कागद नव्हता. आणि तुम्ही म्हणता ते ठसे भारतीय खलाशाच्या बायोमेट्रिक ओळखपत्रासाठी आधीच घेतले जातात. खलाशांच्या ओळखपत्राचा २००३ चा आंतरराष्ट्रीय करार याचसाठी झाला. भारताने तो मान्य केला, अमेरिकेने नाही.

युरोपात शेंगेनचा, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम बघा. क्रू-लिस्टवर नाव असलेला खलाशी बंदराच्या गावात आणि लगतच्या गावांत व्हिसाशिवाय फिरू शकतो. त्यापलीकडे जायचं तर कागद दाखवा. रॉटरडॅमला, अँटवर्पला सुरक्षा नको आहे असं कोण म्हणेल? ऑस्ट्रेलिया व्हिसा मागते, पण तो ऑनलाइन मिळतो, फुकट मिळतो आणि तीन वर्षं चालतो. म्हणजे दार बंद न करताही माणूस तपासता येतो.

@निवृत्त_चीफ, वेळेबद्दल तुम्ही म्हणता ते मी दर शनिवारी बघते. कितीतरी जण "झोपायचंय" म्हणून येत नाहीत. 'डाली'बद्दलही निम्मं मान्य. तपास होता. पण तपासासाठी बाल्टिमोरमध्ये थांबवणं वेगळं आणि जहाजावर थांबवणं वेगळं. त्यांना शहरात तरी फिरता आलं असतं की नाही? तिथे व्हिसाची आणि शोअर पासची (उतरायच्या परवान्याची) अडचण होतीच.

आणि झोपायचं की उतरायचं हे तुम्ही ठरवलंत, काका. त्या पोराला ठरवता आलं नाही.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. तुम्ही सगळे जहाज लागतं त्या गावाबद्दल बोलताय. ज्या गावातून खलाशी निघतो तेही बंदराचंच गाव. आमच्या सासष्टीत घराघरातून माणूस क्रूझवर आहे. आजोबांच्या वेळी मुंबईला धोबीतलावच्या कुडीत राहून जहाजाची वाट बघायचे. गावाच्या नावाचा क्लब, एक पेटी, एक चटई, आल्तारासमोर संध्याकाळी रोझरी. आता वाट बघायची ती वांद्र्याच्या कॉन्सुलेटच्या तारखेची. क्रूझचा धंदा मोठा फ्लोरिडातून. व्हिसा नाकारला की कंत्राट गेलं. माझ्या चुलतभावाचा नाकारला, कारण सांगितलं नाही. घराचं छप्पर अर्धं घातलेलं होतं, दोन पावसाळे ताडपत्रीवर काढले.

चीफ म्हणतात तसा कंटेनरने गाव मारला असेल. पण आमच्या वाड्यावर कंटेनर नाही, व्हिसाच येऊन पडतो.

सह्याद्री_८२

मांडवीकाठ, भावाचं वाचून वाईट वाटलं. तरी माझा मुद्दा कायम आहे: कामासाठी जाणाऱ्याचा व्हिसा आणि चार तास उतरणाऱ्याचा व्हिसा या वेगळ्या गोष्टी. दुसऱ्यासाठी सूट असावी, हे शेंगेनचं वाचून पटतंय. पहिल्यासाठी नाही.

निवृत्त_चीफ

ताई, तुमचं ते शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. मान्य. मला निवड होती.

पण मग नेम बरोबर माणसावर धरा. २००६ च्या सागरी कामगार करारात स्पष्ट आहे की खलाशाच्या व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा. तरी पुष्कळ कंपन्या करत नाहीत. त्यांचा हिशोब सोपा असतो: जहाज अमेरिकेला वर्षातून एकदा जाणार, वीस जणांच्या मुलाखती, प्रवास, हॉटेल कशाला? मग पोराला सांगायचं, 'अमेरिकेचा नियम आहे, काय करणार.' तुमच्या त्या जहाजावर पाच जणांकडे व्हिसा होता आणि चौघांकडे नव्हता ना? मग मुलाखती होत होत्या. त्या चौघांसाठी कंपनीने अर्ज केला होता का, हे कुणी विचारलं? अमेरिकेचा कायदा तुम्ही-आम्ही बदलू शकत नाही. कंपनीला जाब विचारता येतो.

धक्क्याचंही तसंच. २०१९ पर्यंत अमेरिकेत काही टर्मिनल गँगवेपासून गेटपर्यंत सोडायचे शेकडो डॉलर घ्यायची. व्हिसा असलेला माणूससुद्धा तेवढ्यासाठी जहाजावर बसून राहायचा. कोस्ट गार्डने नियम काढला की हे फुकट आणि वेळेत करायचं. तो तुमच्यासारख्या केंद्रांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दिल्या म्हणून निघाला. व्हिसाशी त्याचा संबंध नव्हता, तरी माणसं उतरायला लागली.

पाण्याकाठची

नाही विचारलं मी. खरंच सुचलं नाही. चार पिशव्या वर पोचवल्या आणि निघून आले.

कंपनीचा दोष मान्य केला तरी नियम सुटत नाही, काका. रॉटरडॅमला कंपनीने अर्ज केला काय, न केला काय, पोरगा उतरतो. इथे त्याचं उतरणं कंपनीच्या हिशोबावर ठेवलंय ते या नियमानेच. पण नोंदी ठेवायचं मात्र आजपासून करते. किती उतरले, किती राहिले, अर्ज केला होता की नाही.

निवृत्त_चीफ

तसं लिहिताना जहाजाचा झेंडा (नोंदणी कुठल्या देशाची) आणि मॅनिंग एजंटचं, म्हणजे खलाशी भरती करणाऱ्याचं, शहर पण लिहा. कंपनीचं नाव कागदात मिळेलच. गँगवेवर विचारू नका, कॅप्टन वरून बघत असेल तर पोरं बोलत नाहीत. जे पाच उतरतील त्यांना व्हॅनमध्ये विचारा. आणि बंदरात आयटीएफचा (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) इन्स्पेक्टर असतो, त्याचा नंबर व्हॅनमध्ये चिकटवून ठेवा, सीटच्या मागे, मागच्यांना दिसेल असा.

व्हिसा हे मूळ नाही यावर मी अजून ठाम आहे.

पाण्याकाठची

असा ठाम राहा. शनिवारी सकाळी सहाला एक जहाज लागतंय, रात्री सुटणार. बावीस जणांचा क्रू. आल्यावर इथेच लिहिते.