विहिरीच्या खड्ड्यातले गाळाचे थर मोजून जुने पूर कळतात का?

काठावरची
आमचा मळा सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. विहिरीसाठी जेसीबी लावलाय. पुरुषभर खाली गेल्यावर काळी संपली, तांबूस पोयटा लागला. मध्ये बोटभर बारीक वाळू, खाली पुन्हा काळपट माती, त्यात चुनखडीचे खडे, शिंपल्यांचे तुकडे आणि एक-दोन कोळशाचे ठिपके. दीर म्हणतात, एक थर म्हणजे एक महापूर, मोजा आणि सांगा. 2019 ला आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा "असं कधी झालंच नव्हतं" हेच सगळीकडे ऐकलं. त्याआधीच्या हजारो वर्षांचं या मातीतून खरंच काही कळतं का?

नदीमास्तर
ताई, दिरांना म्हणावं, दम धरा. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती आत जाते, पावसात सगळं फुगून खालवर होतं. वर गांडुळं, मुळ्या, नांगर. तिथे बोटभर थर टिकला तर नशीब.

पुराचा पुरावा टिकतो तो कातळातल्या घळईत. नर्मदेवर पुनासाला पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात हेच काम केलं. घळईत नदी फुगली की ओढ्याच्या तोंडात पाणी मागे चढून थबकतं आणि बारीक वाळू-गाळ बसतो. पूर ओसरल्यावर त्यावर पाचोळा पडतो, कडेचे दगड घसरतात, किडे बिळं करतात. मग पुढच्या पुराचा गाळ. ही मधली खूण सापडली तरच दोन थर वेगळे धरायचे, नाहीतर एकाच पुराचे तीन पूर होतात! शिवाय ढीग उंच होत गेला की लहान पूर त्यावर चढतच नाहीत, म्हणजे वरच्या थरांत फक्त दांडग्या पुरांची नोंद.

कातळ सहसा रुंदावत नाही, म्हणून गाळाच्या उंचीवरून प्रवाहाचा हिशोब मांडता येतो. तोही 'निदान इतका' असाच, कारण पाणी गाळाच्या वरच असणार.

चिकटमाती
मग प्रवरेकाठी संगमनेरकडे गाळाच्या उभ्या दरडी आहेत, त्या केवढ्या पुरांच्या?

नदीमास्तर
इथेच सगळे फसतात. जाड गाळ म्हणजे मोठा पूर, असं नाही. काळे आणि डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी 1987 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दख्खनच्या नद्यांबद्दल मांडलं ते जवळजवळ उलटं आहे. हिमयुगाच्या शेवटी मान्सून दुबळा होता, डोंगरावरून आलेली माती वाहून न्यायला नदीत जोर नव्हता, म्हणून खोरी भरली. पुढे साधारण 10 हजार वर्षांपूर्वी पाऊस वाढला आणि नदीने तोच गाळ चिरला. दरडी उभ्या दिसतात त्या त्या चिरण्यामुळे.

आणि 2019 बद्दल. मध्य आणि पश्चिम भारतातल्या गाळांवरून काळे आणि त्यांचे अमेरिकन सहकारी व्हिक्टर बेकर यांनी 2006 मध्ये दाखवलं की 'छोट्या हिमयुगा'च्या, म्हणजे अलीकडच्या इतिहासातल्या जरा थंड शतकांत इथे मोठे पूर फारसे आलेच नाहीत. तो काळ एकोणिसाव्या शतकापर्यंत येतो. त्यामुळे पणजोबांच्या आठवणीतली नदी जरा निवांतच होती, असं माझं मत. "कधीच नाही" म्हणायला तेवढ्या आठवणी पुरत नाहीत.

गारगोटी
ताई, मी याच विषयात पीएचडी करतेय. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते प्रयोगशाळेत काढता येतं. त्यासाठी लोखंडी नळी आडवी ठोकून माती अंधारातच काढतात आणि मंद लाल दिव्यात तपासतात. अडचण अशी की त्याला गारगोटीचे कण लागतात आणि आपल्या काळ्या पाषाणात ते कमी. नर्मदेला विंध्याचा वालुकाश्म मिळतो, म्हणून तिथे सोपं जातं. गढूळ पुरात सगळ्या कणांना ऊन लागत नाही, मग वय जास्त येतं, ते वेगळंच.

तुमच्याकडचा कोळसा कामाचा आहे. कार्बनवरून साधारण 50 हजार वर्षांपर्यंतचं वय निघतं. हात न लावता स्वच्छ चिमट्याने अॅल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा, कागद-कापसात नको. चुनखडीवरून मात्र पुराची तारीख काढू नका, ती मागाहून धरते.

काठावरची
कोळसा काढून ठेवलाय. टेप लावून फोटोही घेतले, पण जेसीबीच्या दातांचे ओरखडे फार आहेत. एक बाजू खुरप्याने तासून घेऊ का?

गारगोटी
घ्या, वरून खाली. पाणी मारू नका. आणि आधी कडेला दोर बांधून बाजू ढासळत नाही ना ते बघा, मगच कुणाला आत उतरू द्या.